रोज अर्धे पान

जूनमध्ये नव्या वह्यांची पहिली पाने फार देखणी असतात. समास आखलेला, कोपऱ्यात तारीख, अक्षर वळणदार. गणपतीची सुट्टी येईपर्यंत ते वळण कुठे जाते, हे शिक्षकांना सांगायला नको. मोठ्या माणसांचे तरी काय वेगळे असते? माझ्या कपाटात चार रोजनिश्या आहेत. चारही १ जानेवारीला सुरू झालेल्या आणि संक्रांतीच्या आत संपलेल्या. एकीच्या कोऱ्या पानांवर पुढे दुधाचा हिशेब लिहिलेला आहे. तो मात्र वर्षभर एकही दिवस न चुकता आहे.

काही वर्षांपूर्वी मी पुन्हा एकदा हट्टाला पेटलो. शंभर दिवस, रोज अर्धे पान, विज्ञानाविषयी काहीतरी लिहायचे. संशोधनाच्या कामात आधी आराखडा करायची सवय असते, म्हणून एका मोठ्या कागदावर शंभर चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात एकेक विषय भरला. यात दोन रविवार गेले. तक्ता इतका छान झाला की तो भिंतीवर लावला. पहिला आठवडा उत्साहात पार पडला. नवव्या चौकोनात विषय होता 'दव', आणि बाहेर धो धो पाऊस पडत होता. मी पुस्तक उघडले आणि दवाविषयीची माहिती थोडे शब्द बदलून उतरवून काढली. दहाव्या दिवशी 'मुंग्या'. दिवसभरात एकही मुंगी पाहिली नव्हती, पुन्हा पुस्तक. अकराव्या दिवशी वही उघडलीच नाही. तक्ता भिंतीवर बरेच दिवस होता.

पुढच्या वर्षी तक्ता न करता सुरुवात केली. एवढेच ठरवले की रात्रीच्या जेवणानंतर वही घ्यायची आणि त्या दिवशी स्वतःच्या डोळ्यांनी जे पाहिले त्यातले काहीही अर्धे पान लिहायचे. विषय आधी ठरवायचा नाही. हे शंभर दिवस पार पडले, आणि पुढेही चालू राहिले. तक्ता नसताना हे का जमले, याचा विचार करताना मी काही प्रसिद्ध शास्त्रज्ञांच्या नोंदवह्यांविषयी वाचू लागलो. त्यांतले जे आपल्याला वर्गात उपयोगी पडेल असे वाटले, ते इथे मांडतो.

१६१० सालच्या जानेवारीत गॅलिलिओ इटलीतल्या पदुआ शहरात होता. ७ जानेवारीच्या संध्याकाळी त्याने आपली नवी दुर्बीण गुरू ग्रहाकडे वळवली. गुरूशेजारी एका ओळीत तीन लहान तारे दिसले, दोन पूर्वेला आणि एक पश्चिमेला. त्याने ते टिपून ठेवले. तारे म्हणजे स्थिर, तेव्हा त्यात विशेष असे काहीच नव्हते. दुसऱ्या दिवशी पाहतो तो तिन्ही तारे पश्चिमेला! तारे स्थिर असतील तर गुरूच त्यांना ओलांडून पूर्वेकडे गेला असे मानावे लागते. पण पंचांगाप्रमाणे गुरू त्या दिवसांत वक्री होता, म्हणजे त्याने पश्चिमेकडे सरकायला हवे होते. गॅलिलिओला पहिली शंका आली ती गुरूच्या गणिताची. ९ तारखेला आकाश ढगाळ होते. त्याने तेही लिहिले. १० तारखेला दोनच तारे दिसले, आणि ते पूर्वेला. आता गुरू एका दिवशी पूर्वेकडे आणि लगेच उलटा पश्चिमेकडे पळतो असे म्हणायची वेळ आली. त्यापेक्षा तारेच हलतात असे म्हणणे सोपे होते. ११ तारखेला त्याने तसे लिहिले: हे तारे गुरूभोवती फिरतात. १३ तारखेला चौथा तारा दिसला.

इथे मला एक गोष्ट फार आवडते. १५ जानेवारीपर्यंत गॅलिलिओची ही टिपणे इटालियन भाषेत आहेत. त्या दिवसापासून ती लॅटिनमध्ये होतात. लॅटिन ही त्या काळची विद्वानांची भाषा. म्हणजे आपण जे लिहीत आहोत त्याचे पुस्तक होणार आहे, हे त्याला आठवडाभराच्या नोंदींनंतर कळले. ७ जानेवारीला त्याच्याजवळ ना पुस्तकाचा बेत होता, ना गुरूच्या चंद्रांचा. मार्चच्या १३ तारखेला ते पुस्तक छापून बाहेर पडले, आणि त्यात २ मार्चपर्यंतची निरीक्षणे आहेत.

आठव्या दिवशीच्या गॅलिलिओला पहिल्या दिवशीच्या गॅलिलिओपेक्षा कितीतरी जास्त माहिती होती. आराखडा नेहमी पहिल्या दिवशीचा माणूस करतो, म्हणजे ज्याला सगळ्यांत कमी ठाऊक असते तो. माझ्या शंभर चौकोनांचे दुखणे हेच होते. ते चौकोन मी पाहिलेल्या गोष्टींनी भरले नव्हते, आठवलेल्या शब्दांनी भरले होते. दुधाचा हिशेब टिकला, कारण दूध खरोखरच येत होते.

याच गॅलिलिओची दुसरी एक नोंद अशी. २८ डिसेंबर १६१२ रोजी गुरूच्या आसपासचे तारे मांडताना त्याने एक तारा दाखवला. २८ जानेवारी १६१३ रोजी तिथल्या दोन ताऱ्यांमधले अंतर आदल्या रात्रीपेक्षा बदलल्यासारखे वाटते, असेही लिहिले. तो 'तारा' म्हणजे नेपच्यून ग्रह होता. नेपच्यूनचा शोध लागला १८४६ साली, आणि गॅलिलिओच्या कागदांमधला नेपच्यून दोन अभ्यासकांनी ओळखला तो १९८० साली. गॅलिलिओने त्या शंकेचा पाठपुरावा केला नाही, म्हणून शोध त्याच्या नावावर नाही. पण दिसले ते लिहिले होते, म्हणून जवळजवळ पावणेचारशे वर्षांनी कोणाला तरी ते वाचता आले.

गॅलिलिओच्या नोंदी काही आठवड्यांच्या. आता एका शाळामास्तरांच्या सत्तावन्न वर्षांच्या नोंदी पाहू.

जॉन डाल्टन हे नाव आपण मुलांना अणुसिद्धान्ताच्या धड्यात सांगतो. हा विणकराचा मुलगा बाराव्या वर्षापासून शिकवण्याचे काम करत होता. पुढे तो केंडल या गावातल्या शाळेत शिक्षक झाला. तिथे जॉन गॉफ नावाचे विद्वान गृहस्थ राहत. लहानपणी देवीच्या रोगात त्यांची दृष्टी गेलेली होती. हवामानाची रोज नोंद ठेव, असे डाल्टनला त्यांनी सुचवले. ज्याला दिसत नाही अशा माणसाने निरीक्षणाची सवय लावावी, ही गोष्ट मुलांना जरूर सांगण्यासारखी आहे. डाल्टनने वही सुरू केली २४ मार्च १७८७ रोजी, वयाच्या विसाव्या वर्षी. त्या दिवशी आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला होता, आणि पहिली नोंद त्याचीच आहे. दुसऱ्या दिवसापासून मात्र आपली साधीच हवा. तापमान, हवेचा दाब, वारा, पाऊस. तापमापक आणि वायुभारमापक त्याने घरीच केलेले.

या वहीतून अणू निघेल असे कोणी म्हटले असते तर डाल्टनही हसला असता. पण रोज पाऊस आणि दमटपणा लिहिता लिहिता त्याला प्रश्न पडला की हवेतली वाफ हवेत असते म्हणजे नेमकी कशी असते? साखर पाण्यात विरघळते तशी ती हवेत विरघळते, की हवेशी तिचा रासायनिक संयोग होतो? १७९३ साली त्याने हवामानावरचे आपले पुस्तक छापले. त्यात त्याने म्हटले की वाफ हवेशी संयोग पावत नाही, हवेत मिसळूनही ती आपली स्वतंत्रच राहते. तोच विचार पुढे नेत १८०१ साली वायूंच्या आंशिक दाबाचा नियम आला. मग पुढचा प्रश्न. ऑक्सिजन नायट्रोजनपेक्षा जड, तरीही तो खाली का बसत नाही? आणि काही वायू पाण्यात जास्त विरघळतात, काही कमी, ते का? वायूंच्या कणांची वजने वेगवेगळी असतील काय? ही वजने शोधण्याच्या खटपटीत ६ सप्टेंबर १८०३ रोजी त्याच्या वहीत सापेक्ष अणुभारांचे पहिले कोष्टक उतरले. वर्गात आपण अणुसिद्धान्त शिकवतो तेव्हा तो आकाशातून पडल्यासारखा वाटतो. खरे म्हणजे तो पावसाच्या वहीतून आला.

आणि ही वही अणू मिळाल्यावर बंद झाली नाही. सत्तावन्न वर्षांत सुमारे दोन लाख निरीक्षणे जमली. शेवटची नोंद २६ जुलै १८४४ च्या रात्रीची, थरथरत्या हाताने लिहिलेली, थोडासा पाऊस पडल्याची आहे. २७ जुलैच्या सकाळी डाल्टन वारला. त्याच्या कागदपत्रांपैकी पुष्कळसे १९४० साली मँचेस्टरवर झालेल्या बॉम्बहल्ल्यात जळाले.

अशी एक नोंद आपल्या मुंबईतही झाली आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मापे नियमित घेतली जात. केरो लक्ष्मण छत्रे यांनीही तरुणपणी या वेधशाळेत काम केले होते. चुंबकसुईची स्थिती ठरल्या वेळी डोळ्यांनी वाचायची आणि नोंदवहीत लिहायची, असे ते काम. सुई बेचैन दिसली तर थोड्या थोड्या वेळाने वाचायची. इतके कंटाळवाणे काम दुसरे नसेल. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावरच्या डागांजवळ एकाएकी लखलखाट झालेला दिसला. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ झाले. तारायंत्रांच्या तारांतून ठिणग्या उडाल्या, ध्रुवीय प्रकाश क्यूबापर्यंत दिसला. उत्तरेकडच्या कित्येक वेधशाळांमधली मापे मोजपट्टीच्या बाहेर गेली. कुलाब्याच्या नोंदवहीत मात्र आकडे उतरले होते. क्षेत्राची आडवी तीव्रता सुमारे १६०० नॅनोटेस्ला, म्हणजे एरवीच्या चार टक्क्यांच्या आसपास, घसरली होती. २००३ साली काही शास्त्रज्ञांनी त्या वादळाचा अभ्यास केला, तेव्हा हेच आकडे कामी आले. त्या चौघांपैकी दोघे मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार, त्यांचा सुईला त्रास होणार, म्हणून १९०४ साली हे काम अलिबागला हलवले गेले आणि तिथे आजही ते चालते. त्या सप्टेंबरमध्ये कुलाब्याला सुई वाचणारी माणसे सूर्याचा अभ्यास करत नव्हती. त्यांनी आपली पाळी केली.

आता माझ्या एका चुकीविषयी. पीएच.डी. करताना मी बुरशीच्या वाढीवर काम करत होतो. रोज सकाळी इन्क्युबेटरमधल्या बशा काढायच्या, बुरशीच्या चकतीचा व्यास मोजायचा, वहीत लिहायचा. मध्येच चुलतभावाचे लग्न आले आणि सातव्या दिवसाचे माप राहिले. परत आल्यावर मी सहाव्या आणि आठव्या दिवसाच्या आकड्यांची सरासरी काढून सातव्यासमोर लिहून टाकली. कोणाचे काय बिघडते? पुढे आलेख काढला तेव्हा मला दिसले की सहाव्या दिवसानंतर वाढ हळूहळू मंदावते. मी खूश झालो, त्याचे कारणही शोधून काढले आणि चार पाने लिहून सरांना दिली. सरांनी ती वाचली. त्याच इन्क्युबेटरमध्ये बशा ठेवणाऱ्या आणखी दोघांच्या वह्या मागवल्या. दोघांच्याही वहीत सातव्या दिवशी वाढ जवळजवळ शून्य होती आणि आठव्या दिवशी पूर्ववत. आदल्या रात्री वीज गेली होती, कपाट थंड पडले होते.

"सगळ्यांच्या वहीत या दिवशी खड्डा आहे, तुझ्याच वहीत उतार कसा?" सरांनी विचारले. "हा आकडा तू पाहिलास का?"

मी गप्प राहिलो. सर रागावले नाहीत, तेच जड गेले. ती चार पाने फाडली आणि सगळा संच पुन्हा लावला. पाच महिने गेले. सातव्या दिवसाची जागा मी कोरी ठेवली असती तर मला तो खोटा उतार दिसलाच नसता.

म्हणून रोज लिहायचे ठरवताना फार थोड्या गोष्टी आधी ठरवाव्यात, पण त्यांत ही एक असावीच: चुकलेला दिवस मागाहून भरायचा नाही. त्या जागी 'नोंद नाही' असे लिहायचे. गॅलिलिओचे 'आकाश ढगाळ' हे त्याच जातीचे आहे. आपण नंतर आठवून लिहू, हा भ्रम असतो. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ साली विस्मरणाचे आकडे दिले. निरर्थक अक्षरांच्या याद्या तो पाठ करी आणि काही वेळाने पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते मोजी. एका तासाने ही बचत ४४ टक्के उरे, एका दिवसाने ३४, महिन्याने २१. आपण पाहिलेल्या गोष्टी निरर्थक नसतात, तेव्हा हे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. पण घसरण पहिल्याच दिवशी सर्वांत मोठी असते, एवढे ध्यानात ठेवावे.

आणि एक दिवस चुकला म्हणून व्रत मोडले असे समजून वही टाकूनही देऊ नये. सवय एकवीस दिवसांत लागते असे लोक सांगतात, त्याला फारसा आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ स्वयंसेवकांना बारा आठवडे रोज एक नवी गोष्ट करायला लावून पाहिले. त्यांचा निबंध २०१० साली आला. कृती अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांची मधली किंमत ६६ निघाली, पण माणसामाणसांत फरक मोठा, अंदाजे १८ पासून २५४ पर्यंत. मध्ये एखादा दिवस चुकल्याने विशेष काही बिघडले नाही, असेही त्यांना दिसले. त्यामुळे वर्गातल्या चाळीस मुलांना एकाच दिवशी सवय लागेल अशी अपेक्षा धरू नये.

वर्गाचा विषय निघालाच आहे तर प्रयोगाच्या जर्नलबद्दल बोलले पाहिजे. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. यातले निरीक्षण सोडून सगळे आधीच ठरलेले असते, आणि निरीक्षणही बहुधा वरच्या वर्गातल्या मुलाच्या जर्नलमधून येते. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते, महाबळेश्वरला त्याहूनही कमी. तरीही पुण्याच्या किती जर्नलांमध्ये ९८ लिहिलेले सापडेल? मुलाला तापमापकात ९८ दिसतात, तो शेजाऱ्याकडे बघतो आणि १०० लिहितो. त्याला गुण मिळतात. हवेच्या दाबाचा एक सुरेख धडा मात्र बुडतो. यात मुलाचा दोष मला फारसा दिसत नाही.

जर्नल आपण बदलू शकणार नाही. पण शेजारी एक दुसरी वही ठेवता येईल. प्रत्येकाची वेगळी नको, तपासणार कोण? वर्गाची एकच वही, खिडकीपाशी दोरीने बांधलेली. हजेरीच्या क्रमांकाने रोज एकाची पाळी. मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटे, आज मी काय पाहिले. पाचसहा ओळी पुरेत. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने दाखवू नयेत आणि गुण तर मुळीच देऊ नयेत. शिक्षकांनीही आपली पाळी घ्यावी. पहिले दोन-तीन आठवडे 'आज ऊन होते' असेच येईल. येऊ द्यावे. डाल्टनच्या वहीतही बहुतेक तेच आहे. मग एखादा मुलगा लिहील की खिडकीची सावली गेल्या महिन्यात फळ्यापर्यंत येत होती, आता येत नाही. दुसरी एखादी मुलगी त्याखाली 'का?' असे लिहील. आराखडा करायची वेळ ती. कोणती सावली, कोणत्या वेळी, कशाने मोजायची, किती दिवस, हे सगळे तेव्हा नीट बसून ठरवावे. प्रयोगाला आराखडा लागतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. प्रश्न सापडण्याआधीच उत्तराचे रकाने आखले जातात, तेव्हाच माझा जीव कासावीस होतो.

माझ्या वहीतले एक उदाहरण देतो. आमच्या प्रयोगशाळेच्या रस्त्यावर वर्षावृक्षांची रांग आहे. बाराव्या दिवशी दुसरे काही सुचले नाही म्हणून लिहिले की सहा वाजता निघालो तेव्हा या झाडांची पाने मिटायला लागली होती. त्यांची पाने संध्याकाळी मिटतात हे काही नवे नाही. दोन दिवसांनी भरून आले होते, तर पाने पाच वाजताच मिटलेली. तेही लिहिले. अशा सातआठ नोंदी झाल्यावर लक्षात आले की आपण रोज तिथे नकळत थांबतो आहोत. मग पुस्तक उघडले. या खेपेला उतरवून काढण्यासाठी नव्हे, विचारण्यासाठी. १७२९ साली द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाने मिटणारी एक वनस्पती अंधारात ठेवली, तरी तिची पाने दिवसा उघडत आणि रात्री मिटत, असे वाचायला मिळाले. म्हणजे झाडाजवळ स्वतःचे काही घड्याळ आहे. मग ढग आल्यावर ते घड्याळ पुढे जाते, की घड्याळाला न विचारता पाने मिटतात?

त्या रांगेतल्या एका झाडाची फांदी रस्त्यावरच्या दिव्याच्या अगदी जवळ आहे. तिची पाने बाकीच्यांपेक्षा उशिरा मिटतात असे मला एका संध्याकाळी वाटले. पुढे सात दिवस मुद्दाम पाहिले. तीन दिवस उशिरा मिटली, दोन दिवस सगळ्यांबरोबर. एक दिवस दिवाच बंद होता. सातव्या दिवशी पाऊस इतका होता की वर बघवले नाही, त्यापुढे 'नोंद नाही' असे लिहिलेले आहे. आता वेळ, दिवा आणि ढग असे तीन रकाने आखले आहेत. तुमच्या शाळेजवळ वर्षावृक्ष आणि रस्त्यावरचा दिवा शेजारी शेजारी असतील तर जरूर पाहा, आणि काय दिसले ते कळवा.